आईच्या ठेवीचं व्याज आणि शून्य ते दहाची पट्टी

आई गेल्यावर तिच्या ठेवीचं व्याज दरवर्षी दान करायचं, हे आम्हा भावंडांचं ठरलेलं. कुठे, यावर मात्र एकमत होईना. ताईचा कल अन्नदानाकडे, धाकट्याचा शाळेला संगणक देण्याकडे. मी म्हटलं, यंदा माझ्यावर सोपवा, जरा वाचून ठरवतो.

वाचता वाचता 'वेल्बी' या मापापाशी पोचलो. माणसाला विचारायचं, एकूण आयुष्याबद्दल शून्य ते दहापैकी किती समाधानी आहात? उत्तर एका अंकाने वर गेलं आणि वर्षभर तिथे राहिलं, की एक वेल्बी. ब्रिटनच्या अर्थखात्याने २०२१ साली सरकारी योजना तोलायला हे माप घेतलं आणि एका वेल्बीची किंमत साधारण १३,००० पौंड धरली. 'हॅपियर लाइव्ह्ज इन्स्टिट्यूट' ही संशोधन संस्था याच मापाने सेवाभावी संस्था तपासते.

ताई म्हणाली, "समाधान काय काट्यावर घालतोस?" शंका रास्तच. पण त्या पट्टीमुळे आमच्या यादीत कधीच नसलेली एक गोष्ट वर आली: नैराश्य. उपाशी माणूस दिसतो, पडकी शाळा दिसते. सकाळी अंथरुणातून उठवत नाही अशा बाईसाठी वर्गणी मागायला कोण येतं?

युगांडात 'स्ट्राँगमाइंड्स' ही संस्था अशा बायकांचे गट करून त्यांना बोलतं करते. तेवढीच रक्कम गरिबांना रोख देण्यापेक्षा हे नऊपट परिणामकारक, असा हॅपियर लाइव्ह्जचा आधीचा हिशेब होता. २०२३ मध्ये सेवाभावी संस्था पारखणाऱ्या 'गिव्हवेल'ने तोच पुरावा तपासून २.३ पट म्हटलं. फायदा किती काळ टिकतो, घरातल्या इतरांपर्यंत किती पोचतो, अभ्यासांतले आकडे किती फुगलेले आहेत, सगळा वाद यावर. नऊ की दोन, हे माझ्या आवाक्याबाहेरचं. दोघंही रोखीपेक्षा सरसच म्हणतात, एवढं मला पुरलं.

मलेरिया रोखणाऱ्या मच्छरदाण्या वाटण्याशी या समुपदेशनाची तुलना मात्र मी सोडून दिली. मलेरियातून वाचलेल्या मुलाचं आयुष्य या पट्टीवर मांडायचं, तर कुठल्या अंकाखालचं जगणं जगण्यासारखं नाही, हे आधी ठरवावं लागतं. शून्य धरा, मच्छरदाणीचं पारडं जड होतं. अंक वर सरकवत न्या, समुपदेशनाचं. तो अंक ठरवणारा मी कोण?

मग जवळपास काय आहे ते पाहिलं. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी स्थानिक माणसांनाच समुपदेशक म्हणून तयार केलं. डॉक्टर नव्हेत, साधी माणसं. सहा ते आठ बैठका. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आलेल्या चाचणीत तीन महिन्यांनी ६४ टक्के लोकांची लक्षणं ओसरली होती. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. विदर्भात अमरावतीकडेही त्यांनी असं काम केलंय म्हटल्यावर ताई सरसावून बसली. आमचं आजोळ तिकडचं.

कागदपत्रांचं फार नव्हतं. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर करसवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती कुठल्याच देणगीला नाही. धाकटा जुन्या प्रणालीत आहे, म्हणून पैसे त्याच्या खात्यातून ऑनलाइन पाठवले आणि देणगीचं प्रमाणपत्र मागून घेतलं.

मोठा वाटा समुपदेशनाला गेला, उरलेला ताईच्या अन्नदानाला. त्यावर मी पट्टी लावली नाही. आता संस्थेला ईमेल करून विचारलंय, बैठका संपल्यावर वर्षभराने त्या लोकांना कोणी पुन्हा भेटतं का? पुढच्या मार्चचा निर्णय त्या उत्तरावर.