आंबोली घाट, चिऱ्याचा लोड आणि टर्बोची निवड : माझा अनुभव

आमची सहाचाकी, केए 22 पासिंग, कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडर इंजिन. काम म्हणजे सावंतवाडीकडनं जांभ्याचे चिरे भरायचे, आंबोली घाट चढायचा आणि बेळगावात साइटवर खाली करायचे. दोन वर्षं झाली गाडी घाटात दम सोडायला लागली होती, दाणोली मागं पडली की गियर तिसऱ्याचा दुसरा, दुसऱ्याचा पहिला, आणि धूर एवढा काळा की मागच्या एसटीला रस्ता दिसायचा नाही.

मी आधी एका दुकानात चौकशी केली, तो म्हणाला मोठा टर्बो (सायलेन्सरकडं जाणाऱ्या गॅसवर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) घाला, पंपाचं डिझेल वाढवून देतो, पॉवर कुठल्या कुठं जाईल. मी जवळजवळ ॲडव्हान्स देणार होतो. पण उद्यमबागेत आमचे जुने मेस्त्रीमामा आहेत त्यांना दाखवलं तर ते म्हणाले, "आधी आहे ती हवा कुठं जाऊल्या ते बघ की, मग नवीन घे." त्यांनी इंटरकूलरच्या (टर्बोनं दाबलेली गरम हवा इंजिनात जायच्या आधी थंड करणारी जाळी) पाइपचं एक तोंड बंद केलं, दुसरीकडनं गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा थोडीच सोडली आणि सगळ्या जॉइंटवर साबणाचं पाणी मारलं. खालच्या हॉसच्या क्लिपपाशी ही एवढी बुडबुड्यांची माळ! म्हणजे टर्बो दाबून पाठवतोय आणि अर्ध्या वाटेत हवा पळतेय, डिझेल मात्र पूर्ण पडतंय, म्हणून तो काळा धूर. हॉस बदलल्यावर बराच फरक पडला. तरीपण टर्बोचा पंखा बोटांनी हलवला तर साइडला एवढा हलायचा की कडा हौसिंगला घासल्याच्या खुणा होत्या, म्हणजे बेअरिंग गेलेलं, टर्बो घ्यायलाच लागणार होता.

मग कुठला घ्यायचा? मामांनी वहीच्या पानावर हिशोब करून दाखवला तो मला फार पटला. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच भरतं, म्हणजे 5.9 लिटरचं इंजिन 2500 आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त 7400 लिटरच्या आसपास हवा ओढणार आणि 1500 ला 4400 (टर्बोचा दाब धरायच्या आधीची गोष्ट). आता चिरे भरलेली गाडी घाटात 2500 ला फिरते कुठं, 1400 ते 1600 मध्येच ती असते, तिथं सायलेन्सरकडं जाणारा गॅसच कमी, तो मोठा पंखा फिरवायला पुरत नाही, आणि हवा भरेपर्यंत पुढचं वळण येतं नि गियर खाली पाडायला लागतो. शिवाय टर्बोचा हवा दाबणारा भाग, म्हणजे त्याचा कॉम्प्रेसर, फार मोठा असला आणि हवेचा प्रवाह कमी पडला की दाबलेली हवा उलटी फिरते, भस्स भस्स आवाज येतो आणि टर्बोचं थ्रस्ट बेअरिंग मार खातं.

म्हणून मी मोठा न घेता होलसेट कंपनीचा एचएक्स 35 मॉडेलचाच टर्बो घेतला, फक्त गॅसकडचं हौसिंग 16 च्या ऐवजी 14 सेंटिमीटरचं. हा आकडा म्हणजे गॅस जायच्या वाटेचं क्षेत्रफळ, चौरस सेंटिमीटरमध्ये. वाट अरुंद की गॅस जोरात लागतो, दाब लवकर बनतो. पण फारच अरुंद केली तर वरच्या आरपीएमला गॅस तुंबतो आणि गरमी वाढते, म्हणून 12 ला मामा नाही म्हणाले. डिझेल वाढवायला पंपाला हात लावू दिला नाही, पीयूसी आणि पिस्टन दोन्ही मला पाहिजेत.

बसवताना एक गोष्ट मामांनी स्वतः उभं राहून करून घेतली. ऑइल पाइप जोडायच्या आधी टर्बोत ताजं ऑइल ओतलं, पंखा हातानं फिरवला, मग स्टार्टर मारून ऑइल परतीच्या पाइपमधनं आल्याशिवाय इंजिन चालू होऊ दिलं नाही. मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारणारा शाफ्ट तो, पहिले काही सेकंद कोरडा फिरला तर तिथंच संपला. मॅनिफोल्डला (इंजिनातनं गॅस टर्बोकडं नेणारा पाइप) गॅसच्या गरमीचा गेजपण लावून घेतला, 700 डिग्रीच्या वर जास्त वेळ राहू द्यायचं नाही असं सांगितलंय.

पहिल्याच भरल्या फेरीला मी स्वतः गाडीवर होतो. 1500 ला बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आधीपेक्षा स्पष्ट जास्त, धूर जवळजवळ नाही, मोठ्या धबधब्याच्या अलीकडं जिथं नेहमी दुसऱ्यात यायचो तिथं तिसरा टिकला, गेज 640 वर. सपाटीला फारसा फरक नाही, ॲव्हरेजपण तेवढंच. वर आंबोलीत चहाला थांबलो तेव्हा टर्बो थंड व्हायला दोन मिनिटं आयडलला ठेवून मगच बंद केली. पावसात चिऱ्याच्या खाणी बंद असतात, तेव्हा इंटरकूलर खाली उतरवून आतनं धुवायचा आहे, जुन्या टर्बोचं ऑइल त्यात अजून बसलंय.