नागपूरच्या हॉटेलांत मागच्या दारानं

बारावी कॉमर्सची मुलं घेऊन हॉटेलांचं काम दाखवायला वर्ध्याहून नागपूरला जाताना डब्यात एकच चर्चा होती: शेफ व्हायचं की इव्हेंट मॅनेजर. संध्याकाळी परतताना दोघी जणी नाइट ऑडिटबद्दल, म्हणजे हॉटेलचा दिवसभराचा हिशेब रात्री बंद करण्याच्या कामाबद्दल, बोलत होत्या. सहलीचं सार्थक मला तिथंच वाटलं.

जाणाऱ्यांनी तारीख आधी ठरवावी. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा शहरातली हॉटेलं गच्च भरलेली असतात आणि विद्यार्थ्यांना आत घ्यायला कुणाला सवड नसते. जामठ्याला क्रिकेटची मॅच असेल तरी तेच. आम्ही जानेवारीतला मधला वार धरला. पत्र हॉटेलच्या एचआरला तीन आठवडे आधी पाठवा आणि त्यात ‘बॅक एरिया पाहायचा आहे’, म्हणजे पाहुण्यांना न दिसणारा कामाचा भाग, असं स्पष्ट लिहा. तसं लिहिलं नाही तर लॉबी, स्विमिंग पूल आणि एक सजवलेली खोली दाखवून, सरबत पाजून परत पाठवतात.

नागपूर रेल्वे स्टेशनवरून मेट्रो घ्यायची, सीताबर्डीला गाडी बदलायची आणि ऑरेंज लाइननं वर्धा रोडवरचं हॉटेल गाठायचं. ऑटोवाल्यांशी घासाघीस करण्यापेक्षा हे फार सोपं.

आमच्या पंधरा-पंधराच्या दोन तुकड्या केल्या. किचनमध्ये टोपी आणि बंद बूट सक्तीचे. सँडल घालून आलेल्या दोन मुली दारातच थांबल्या, म्हणून बुटांचं आदल्या दिवशी पुन्हा बजावा. फोटो काढायला मनाई होती आणि तेच बरं, मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली आणि गरम ६० अंशांच्या वर ठेवायचे, हा नियम पुस्तकात एका ओळीत संपतो. इथं एक मुलगा दर थोड्या वेळानं तापमापी खुपसून आकडा वहीत लिहीत होता, आणि त्याचं निम्मं काम तेच होतं.

हाउसकीपिंगकडे मुलं आधी नाकं मुरडत गेली. तिथल्या ताईंनी बोलता बोलता चादर झटकली, कोपरे दुमडले आणि पलंग तयार झाला. मग त्यांनी सांगितलं की एका शिफ्टमध्ये अशा बारा ते सोळा खोल्या कराव्या लागतात. वर्ग एकदम गप्प! कमरेचा पट्टा लावून काम करणाऱ्या या बायकांशी मुलांना बोलू द्या. मॅनेजरच्या पीपीटीपेक्षा ते कितीतरी मोलाचं आहे.

बँक्वेटमध्ये, म्हणजे समारंभांच्या विभागात, फंक्शन शीट आवर्जून मागा. माणसं किती, टेबलं गोल की थिएटरसारख्या रांगा, जेवण किती वाजता, माइक किती, सगळं त्या एका कागदावर असतं. यजमानानं जेवढ्या पाहुण्यांची हमी दिली तेवढ्यांचं बिल लागतंच, मग कमी येवोत. आमच्या कॉमर्सच्या मुलांचे कान इथं टवकारले. खरेदी, स्टोअर, कॉस्टिंग, नाइट ऑडिट, ही सगळी कामं हातात पळी न धरता करायची आहेत. करिअर मेळाव्यात यांचं नाव क्वचितच निघतं.

दुपारी लॉनवर गेलो. नागपुरातली बहुतेक लग्नं लॉनवर लागतात, त्यामुळे हे न पाहता परतलात तर अर्धाच धंदा पाहिला. मुहूर्ताच्या दिवशी सकाळी किंवा दुपारी जा, तेव्हा मांडव उभा राहत असतो. इथं पत्र लागत नाही, मालकाला एक फोन पुरतो. केटरर काका मोकळे होते. “पंधरा दिवस झोपाले वेळ नाही, अन् चातुर्मासात रिकामं बसा लागते जी,” असं त्यांनी सरळ सांगितलं. वाढपी पोरं रोजावर येतात. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावाच लागतो, म्हणून वरात उशिरा आली की सगळ्या वेळापत्रकाची ओढाताण होते.

मुलींना एक प्रश्न विचारायला लावा: रात्री उशिरा सुटलं तर घरी कसं जायचं? हॉटेलनं गाडीची सोय असल्याचं सांगितलं. लॉनवर कुणाकडेच धड उत्तर नव्हतं. पालकांना दोन्ही गोष्टी जशाच्या तशा सांगा.

वेळ उरला तर दीक्षाभूमीवर जा. अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याला, इथं लाखो लोक येतात. त्यांच्या जेवणापाण्याची सोय मुख्यतः स्वयंसेवी संस्था आणि कार्यकर्ते करतात. एवढी गर्दी कोणत्या रस्त्यानं आणायची आणि कुठून बाहेर काढायची, हे मुलांना तिथं उभं करून विचारा. आमची अर्धा तास भांडली.

प्रवेशाचं थोडक्यात: बारावी कोणत्याही शाखेची चालते. हॉटेल मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षा दोन: केंद्रीय संस्थांसाठी एनसीएचएम जेईई, राज्यातल्या पदवीसाठी एचएमसीटी सीईटी. महागडा खासगी इव्हेंट डिप्लोमा घेण्याआधी एक लग्नसराई केटररकडे काम करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पाय टिकतात की नाही ते फी न भरता कळतं.

जेवणाचं म्हणाल तर सकाळी तर्री पोहे जरूर खा. झणझणीत सावजी मात्र परतीच्या गाडीआधी मुलांना देऊ नका.

मुक्काम जमत असेल तर दुसऱ्या दिवशी पेंच व्याघ्र प्रकल्पाकडचं एखादं रिसॉर्ट पाहा. तिथं कर्मचारी आवारातच राहतात, ड्युटी सफारीच्या वेळेवर ठरते आणि पहाटे चारला चहा लागतो. फक्त जुलै ते सप्टेंबर टाळा, जंगलाच्या आतल्या कोअर भागातली सफारी तेव्हा बंद असते.