पंपावरचे ओले फडके

बेळगावच्या उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये मी लेथवर काम करतो. तेथे मायक्रॉनचा हिशेब ठेवणारा मी घरच्या गाडीच्या बाबतीत मात्र दोन उन्हाळे निव्वळ समजुतीवर काढले, हे लिहिताना थोडी लाज वाटते.

गाडी वडिलांची, १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगलगत गिअरचा दांडा. ऑइल, प्लग, ब्रेक अशी कामे मी रविवारी टिळकवाडीतल्या अंगणातच करतो. ही गाडी तापली की बंद पडे आणि अर्ध्या तासाने निमूट सुरू होई. पद्मिनी म्हटले की जो तो वेपर लॉकचे नाव घेतो, म्हणजे इंजिनच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ होते आणि इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप नुसती वाफच ढकलत बसतो. मीही पंपावर ओले फडके ठेवू लागलो. फडके वाळेपर्यंत सगळे इंजिनच निवत असल्यामुळे गाडी सुरू व्हायची आणि श्रेय फडक्याला जायचे.

गेल्या जुलैत मामांना घेऊन कणकुंबीला निघालो असता जांबोटीच्या अलीकडे गाडी थांबली. पाऊस असा कोसळत होता की हात गारठले होते. अशा हवेत पेट्रोल उकळत असेल, हे माझे मलाच पटेना. प्लगच्या ठिणगीसाठी जोरकस वीज तयार करणाऱ्या कॉइलची तार काढली, पंपाची नळी बाटलीत सोडली आणि मामांना स्टार्टर मारायला सांगितले. पेट्रोलची सलग धार पडली, एकही बुडबुडा नाही.

जांबोटीहून एक वयस्कर मिस्त्री स्कूटरवरून आले. पंपावरचे फडके पाहून म्हणाले, "ह्याला कशाला आंघोळ घालताय वो? डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा बघू." डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग. मामांनी वर छत्री धरली. मिस्त्रींनी इग्निशन चालू ठेवून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने आतले पॉइंट, म्हणजे उघडझाप करून कॉइलचा प्रवाह तोडणारी धातूच्या टोकांची जोडी, उघडताच तेथेच मोठी ठिणगी फुटली. एका पॉइंटला खड्डा होता आणि समोरच्यावर मोहरीहून बारीक टेकाड. हे टेकाड मी दर दोन महिन्यांनी कानशीने घासून फीलर गेजने फट जुळवत असे आणि त्याला झीज समजत असे.

बिघाड कंडेन्सरचा होता. पॉइंट उघडताना कॉइलमधला प्रवाह फटीतून उडी मारू पाहतो. कंडेन्सर तो क्षणभर पोटात घेतो, म्हणून प्रवाह झटकन तुटतो आणि प्लगला जोरकस ठिणगी मिळते. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला हे मिनिटाला ६००० वेळा घडते. माझा कंडेन्सर तापला की काम सोडत होता, मग ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच जळत होती.

मिस्त्रींनी डब्यातून मारुती ८०० चा जुना कंडेन्सर काढून बाहेरच्या बाजूने स्क्रूने आवळला आणि गाडी पहिल्या स्टार्टरला सुरू झाली.

पुढच्या रविवारी काढलेला कंडेन्सर मी हॅक्सॉने कापला. आत कागद आणि पातळ पत्र्याची घट्ट गुंडाळी होती, आणि ती उलगडत गेल्यावर अगदी आतल्या वेढ्यात टाचणीच्या डोक्याएवढा काळा डाग सापडला. पॉइंट नवे बसवले, त्याला आता चार महिने झाले. कानस अजून लागलेली नाही.