भर मे महिन्यात गरम पाण्याची कुंडं

मुलांना सुट्टी मेमध्येच, नवऱ्याची रजा मंजूर होते तीही मेमध्येच, आणि हापूसचे दिवसही तेच. त्यामुळे "कुंडं बघायची तर थंडीत जा" असं झाडून सगळ्यांनी सांगूनही आम्ही उन्हाळ्यातच निघालो. सासूबाईंचे गुडघे गेली काही वर्षं कुरकुरतायत आणि गरम पाण्याचा हट्ट मुळात त्यांचाच. पण कोकणातला मे म्हटल्यावर त्याच म्हणाल्या, "अगं, तिथे बाहेरच उकळतंय, आत काय बसायचं?"

मुद्दा बरोबर होता, म्हणून सगळी आखणी त्याच्याभोवती केली. कुंडात उतरायचं ते पहाटे, उजाडता उजाडता. नऊच्या आत आवरून गाडीत बसायचं. दुपार सावलीत आणि प्रवास सकाळी किंवा चारनंतर. हे एकदा ठरलं की बाकीचे निर्णय आपोआप होतात. मुक्काम चांगल्या हॉटेलच्या गावी करायचा नाही, कुंडाच्या जवळ करायचा. चिपळूणला खोल्या भरपूर मिळतात, पण तिथून पहाटे चहा घेऊन, सगळ्यांना उठवून, गाडी काढून तुरळच्या कुंडावर पोचेपर्यंत ऊन चढतं. आम्ही आरवली-संगमेश्वर पट्ट्यातच साधी खोली बघितली. एसी नव्हता, पंखा होता, आणि मागे फणस लगडलेला.

कोकणात गरम पाण्याच्या झऱ्यांची एक ओळच आहे. पालघर जिल्ह्यापासून थेट राजापूरपर्यंत, समुद्राला समांतर. वज्रेश्वरी-गणेशपुरी सगळ्यांना ठाऊक असतं, पण पुण्याहून ते वाकडी वाट आणि गर्दी फार. पालीजवळचं उन्हेरेही त्याच कारणाने गळलं. दापोली तालुक्यातलं उन्हवरे माझ्या यादीत वरती होतं, पण तिथलं पाणी सत्तर अंशांच्या आसपास आणि महामार्ग सोडून बरंच आत जायचं. मे महिन्यात, लहान मुलं आणि रक्तदाबाची गोळी घेणारं माणूस बरोबर असताना नको वाटलं. राहिली महाडजवळचं सव, मग आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूर. पहिलं सोडलं तर सगळी मुंबई-गोवा महामार्गावर किंवा त्याच्या अगदी लगत. जाताना ताम्हिणी घाट, येताना अणुस्कुरा, म्हणजे त्याच रस्त्याने परत फिरायला नको.

निघायच्या आधी सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका आणि उपाशीपोटी उतरू नका. म्हणून गाडीत राजगिऱ्याच्या वड्या आणि मोठा थर्मास. बाकी सामानात सुती कपड्यांचा एक जादा जोड प्रत्येकी, जुने पंचे, रबरी चपला, तांब्या. साबण मुद्दाम घरी ठेवला. कुंडात साबण लावायचा नसतो, तरी लोक लावतातच.

ताम्हिणीत मेमध्ये धबधबे नसतात हे मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं. पण बहावा फुललेला होता आणि करवंदं विकायला बसलेल्या बायका होत्या. महाडला चवदार तळ्यावर थांबलो. २० मार्च १९२७ ला इथे बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी उचललं, हे लेकीला पुस्तकात होतं. पायऱ्या बघून ती म्हणाली, "एवढंसं पाणी घ्यायला सत्याग्रह?" पुढचा तासभर गाडीत तोच विषय. सव सावित्रीच्या काठी आहे, आणि उतरतीच्या उन्हात नुसते पाय बुडवायला ठीक. कशेडीला आता बोगदा झाल्याने तो वळणावळणाचा घाट चढावा लागत नाही, मुलांच्या उलट्या वाचल्या.

तुरळ मात्र सांगण्यासारखं. साडेपाचला पोचलो तेव्हा पाण्यावर वाफ होती आणि गंधकाचा तो वास, उकडलेल्या अंड्याचा. पाणी साठच्या घरातलं, त्यामुळे झऱ्याच्या तोंडाशी हात घालायची सोय नाही. आधीच आलेले एक आजोबा सासूबाईंना म्हणाले, "एकदम बसू नका, वहिनी. आधी पावलांवर घ्या, मग पोटऱ्या, मग गुडघे." तांब्यात गार पाणी मिसळून त्यांनी तसंच केलं. पाचव्या-सहाव्या तांब्यानंतर चेहऱ्यावरचे आठ्यांचे जाळे सुटले. लेकीचे चांदीचे पैंजण मात्र बाहेर येईतो काळपट झाले. गंधकाच्या वायूने चांदी काळी पडते. दागिने खोलीवरच काढून ठेवावेत. कपडे बदलायच्या जागेबद्दल न बोललेलंच बरं. आम्ही दोन चादरी धरून भागवलं.

मुलाचा प्रश्न ठरलेलाच: "खाली ज्वालामुखी आहे का?" नाही. आपला काळा पत्थर लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच निवलेला. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. म्हणजे आपण कधीतरी पडलेल्या पावसात बसलोय, असं म्हटल्यावर त्याने छत्री मागितली.

राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या झऱ्याचं पाणी चाळीसच्या आसपास, अंगाला सोसणारं, गोमुखातून पडतं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी हेच ठिकाण सुचवेन. वरच्या अंगाला राजापूरची गंगा. ती साधारण तीन वर्षांनी प्रकटते, पण वेळापत्रक तिचं तिच्याकडे. आम्ही गेलो तेव्हा कुंडं कोरडी होती. सासूबाईंनी कोरड्या कुंडालाच नमस्कार केला.

अणुस्कुरा चढताना डिकीत आंब्यांच्या पेट्या आणि पायाशी ओल्या पंच्यांच्या पिशव्या. उन्हवरे डिसेंबरवर टाकलंय. सासूबाईंनी ते त्यांच्या भजनी मंडळात जाहीर करून टाकल्यामुळे आता एका गाडीत भागणार नाही, टेम्पो ट्रॅव्हलरचे दर काढायला घेतलेत.