पाचव्या महिन्याची सोनोग्राफी: परभणी, संभाजीनगर की लाइपझिश?

जर्मनीतल्या लाइपझिशहून दिवाळीला माहेरी परभणीला यायचं ठरलं तेव्हा हिशोब केला, तर सुट्टीत मला अठरावा-एकोणिसावा आठवडा चालू असणार होता. बाळाचा एकेक अवयव बघायची जी मोठी सोनोग्राफी, आपल्याकडं जिला अ‍ॅनॉमली स्कॅन नाहीतर टिफा म्हणतात, ती नेमकी त्याच सुमारास येते. आईचं मत फोनवरच तयार होतं. "इथंच करून घे की. स्टेशन रोडला सकाळी नंबर लावला की दुपारी रिपोर्ट हातात. तिकडं काहून एका तपासणीसाठी महिना-महिना थांबायलीस?"

आईचा मुद्दा खोटा नव्हता. जर्मनीत सरकारी विमा असला तरी नऊ महिन्यांत ठरलेल्या सोनोग्राफ्या तीनच: नऊ ते बारा, एकोणीस ते बावीस आणि एकोणतीस ते बत्तीस आठवड्यांच्या दरम्यान. दुसरीच्या आधी डॉक्टर विचारतात की साधी हवी, थोडी सविस्तर हवी, की नकोच? नको म्हणायचाही बाईला हक्क आहे, हे ऐकून आमच्या मावशीला चक्कर यायची बाकी होती. त्या 'थोड्या सविस्तर'मध्ये डोकं, मेंदूतले कप्पे, पाठ, हृदयाचे चार कप्पे, जठर, मूत्राशय एवढं बघतात. ओठ, मूत्रपिंडं, हातापायाची बोटं, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या हे सगळं नीट बघायचं तर वेगळी तपासणी, तिला इथं फाइनडियाग्नोस्टिक म्हणतात. वैद्यकीय कारण असलं आणि डॉक्टरची चिठ्ठी असली तर विमा पैसे देतो, नाहीतर दोनशे युरोच्या आसपास खिशातून. म्हणजे रुपयांत वीस हजाराच्या घरात. परभणीत तेवढ्यात सोनोग्राफी होऊन बाळंतविडाही होईल, हे आईचं म्हणणं.

आमच्याकडं कारण होतं. नवऱ्याच्या हृदयाला जन्मतः छिद्र होतं. तो चार वर्षांचा होईपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. पोरगं खेळताना लवकर दमतं, अंगाला लागत नाही, म्हणून सासूबाईंनी अंगारे-धुपारेसुद्धा केले. शेवटी अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि मुंबईची चिठ्ठी दिली. ऑपरेशन तिकडंच झालं. त्या मुंबईच्या फेऱ्या, एसटीत मांडीवर झोपलेलं पोर, जामिनावर काढलेलं कर्ज, सगळं सासूबाई अजून परवा घडल्यासारखं सांगतात. बापाला जन्मजात हृदयदोष असला की बाळाचं हृदय जास्त बारकाईनं बघतात, त्यामुळं लाइपझिशच्या डॉक्टरीणबाईंनी न मागता चिठ्ठी दिली. म्हणजे पैशाचा प्रश्न मिटला. राहिला तो 'कुठं'चा.

संभाजीनगरचा पर्याय मावसबहिणीनं काढला. ती जिंतूरची. तिच्या वेळी बाळ पाठ करूनच बसलं होतं. फिरून ये, काहीतरी गोड खा, असं सांगून दोनदा बघितलं, तरी हृदय पूर्ण दिसलं नाही, म्हणून तिला संभाजीनगरला फक्त गर्भातल्या बाळांचंच काम करणाऱ्या तज्ज्ञाकडं पाठवलं. "सकाळी जायचं, रात्रीला घरी," ती म्हणाली. वरून सल्ला, "मशीन नवी असली तरी बघणाऱ्याची नजर पाहिजे." हे मला पटलं. जर्मनीत ही नजर तपासायची एक सोय आहे. इथली अल्ट्रासाउंडवाल्या डॉक्टरांची संघटना तीन पायऱ्यांवर प्रमाणपत्रं देते. फाइनडियाग्नोस्टिकला दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीचा माणूस शोधायचा, एवढं कुणीही सांगतं. आपल्याकडं हे नातेवाइकांच्या अनुभवावर चालतं, आणि खरं सांगायचं तर तेही बऱ्यापैकी चालतं.

घाईचंही बोलणं होतंच. "वीस आठवड्यांच्या आत व्हायलाच पाहिजे," असं आमच्या घरातली प्रत्येक बाई सांगते. याचं मूळ गर्भपाताच्या 1971 च्या कायद्यात असावं. तेव्हा मर्यादा वीस आठवड्यांची होती. 2021 च्या दुरुस्तीनंतर ठरावीक कारणांसाठी ती चोवीस झाली आणि त्यापुढं बाळात गंभीर व्यंग निघालं तर निर्णय मेडिकल बोर्डाकडं जातो. कायदा बदलला, पण घरातलं कॅलेंडर बदललं नाही. हृदयापुरतं बोलायचं तर एकवीस आठवड्यांचं बाळ अठरापेक्षा मोठं असतं आणि जास्त स्पष्ट दिसतं.

शेवटी बाबांच्या ओळखीच्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांकडं नुसतं विचारायला गेलो. बाहेर तो नेहमीचा फलक, गर्भलिंगनिदान केले जात नाही. टेबलावर एफ फॉर्मचा, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्यानं गरोदर बाईच्या सोनोग्राफीला भरावा लागणाऱ्या फॉर्मचा गठ्ठा. आधीची मुलं किती, त्यात मुलगे किती, मुली किती, हा रकाना त्यात आजही आहे आणि बीड-परभणीकडं तो का आहे हे वेगळं सांगायला नको. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं मुली कशाबशा आठशे होत्या. डॉक्टरांनी माझी जर्मन फाइल चाळली आणि एकच विचारलं, "बाळंतपण कुठं करणार?" लाइपझिशला, म्हटल्यावर म्हणाले, "मग तिथंच करा. मी करतो, मला काय, अर्ध्या तासाचं काम. पण काही दिसलं तर पुढचं कोण बघणार? तुम्ही तर आठवड्यात विमानात. तिथला डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून बघणार."

हा माणूस हातची फी सोडून हे सांगत होता, म्हणून मी ऐकलं. लाइपझिशला लहान मुलांच्या हृदयाचं मोठं केंद्र आहे. काही निघालंच तर बाळ जन्मायच्या आधी ते लोक हजर असतील, ही गोष्ट मला स्टेशन रोडच्या सोयीपेक्षा मोठी वाटली. बाळंतपण माहेरी करायचं असतं तर मी संभाजीनगरला गेले असते, यात शंका नाही.

आईला राग आला, पण तो फराळाच्या गडबडीत निघून गेला. राहिलं ते बायकांचं कुजबुजणं. "तिकडं सांगतात म्हणं, मुलगा का मुलगी?" सांगतात. बारा आठवडे उलटले की कायद्याची आडकाठी नाही. आम्हीच डॉक्टरांना बजावलं होतं की स्क्रीनवर दिसलं तरी बोलू नका. उत्तर काहीही आलं असतं तरी अंबाजोगाई ते परभणी फोन सुरू झाले असते, आणि मला ते नको होतं.

एकविसाव्या आठवड्यात तपासणी झाली. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा, त्यावर हृदयाचे चार कप्पे उघडझाप करताना. डॉक्टर बराच वेळ काहीच बोलेनात, नवऱ्यानं माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. मग त्यांनी लाल-निळ्या रंगात रक्ताची धार दाखवली आणि म्हणाले, छिद्र दिसत नाही, दोन्ही मोठ्या वाहिन्या जागेवर आहेत. डाव्या मूत्रपिंडात पाणी जरा जास्त साठलंय, बहुतेक वेळा ते आपोआप जातं, तिसऱ्या सोनोग्राफीत पुन्हा बघू.

रिपोर्टचा फोटो परभणीच्या डॉक्टरांना पाठवला. "हरकत नाही, बत्तीसला परत बघा," एवढंच उत्तर आलं. आईनं मूत्रपिंडाचं ऐकून लगेच सांगितलं की रोज जवाचं पाणी पी. इथं जव मिळतात, त्यामुळं सबबही सांगता येईना.