तुम्ही विचारलंत म्हणून: पेरी मेसनच्या कोर्टातले चेहरे

"मॅडम, चौतीस वर्षं खऱ्या कोर्टात काढलीत. आता हे खोटं कोर्ट कशाला बघत बसता?"

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न मला कुणीतरी विचारतंच. शेजारच्या वहिनी विचारतात, सून विचारते, रस्त्यात भेटलेले जुने वकील विचारतात. गेल्या आठवड्यात आमच्या कोर्टाचे निवृत्त शिपाईमामा घरी आले, त्यांनीही टीव्हीकडे बोट दाखवून तेच विचारलं. एरवी मी "आवडतं हो" म्हणून विषय संपवते. पण मामांना तसं उत्तर देववेना. त्यांना जे सांगितलं तेच जरा नीट लिहून काढते आहे.

आधी ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी. 'पेरी मेसन' ही अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीची मालिका. 21 सप्टेंबर 1957 ला सुरू झाली, 22 मे 1966 ला संपली. नऊ हंगाम, 271 भाग, आणि त्यातला एकच रंगीत. बाकी सगळे कृष्णधवल. मेसन हा लॉस एंजेलिसमधला फौजदारी वकील. त्याची सेक्रेटरी डेला स्ट्रीट, खाजगी गुप्तहेर पॉल ड्रेक, समोर सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर आणि पोलिसातले लेफ्टनंट ट्रॅग. पहिल्या अर्ध्या भागात खून होतो आणि भलताच माणूस पकडला जातो. उरलेला अर्धा भाग कोर्टात. पहिल्याच भागात रात्रीच्या निर्जन रस्त्यावर कापडी बुरखा घातलेला माणूस एका बाईच्या गाडीचा पाठलाग करतो आणि ती घाबरून गोळ्या झाडते. तो काळोख आणि गाडीच्या दिव्यांचा तो पांढरा झोत रंगीत पडद्यावर तसा दिसलाच नसता.

मला मेसन आधी पुस्तकातून भेटला. आमच्या बार रूमच्या कपाटात कायद्याच्या जाड पुस्तकांमागे अर्ल स्टॅन्ली गार्डनरच्या कादंबऱ्यांची एक रांग होती. पानं पिवळी, कव्हरं सुटलेली. दुपारच्या सुट्टीत मी डबा खाता खाता त्या वाचल्या. गार्डनर स्वतः कॅलिफोर्नियात वकिली केलेला माणूस. मेसनची पहिली कादंबरी 1933 ची आणि पुढे ऐंशीच्या वर झाल्या. हा लेखक कादंबऱ्या डिक्टेट करायचा, आणि सेक्रेटरी त्या टाइप करायच्या. हे कळलं तेव्हापासून तो मला आपल्यातला वाटायला लागला. कारण मीही कोर्टातली स्टेनो, आयुष्यभर दुसऱ्याचं बोलणं कागदावर उतरवलं.

डीव्हीडी फार नंतर आल्या. 2006 पासून अमेरिकेत त्यांचे संच निघू लागले, एकेका हंगामाचे दोन-दोन भाग करून, आणि 2013 पर्यंत सगळे नऊ हंगाम झाले. माझी भाची न्यू जर्सीत असते. दर दोन वर्षांनी येताना ती बॅगेत कपड्यांच्या घडीत दोन-तीन संच घालून आणायची. पहिला संच आला त्या संध्याकाळी मी जेवण लवकर उरकून बसले, तबकडी घातली, तर पडद्यावर नुसती सूचना आली की ही तबकडी इथे चालणार नाही. अमेरिकेचा विभाग क्रमांक एक, आपला पाच. शेवटी पुण्याला गेल्यावर बुधवार पेठेतून सगळ्या विभागांच्या तबकड्या चालतील असा प्लेअर आणला. अमेरिकेत पुनःप्रक्षेपणाच्या वेळी जाहिरातींना जागा करायला या भागांची काटछाट व्हायची म्हणतात. तबकडीवर मात्र प्रत्येक भाग पुरा, पन्नास मिनिटांच्या वर.

आता प्रश्नाकडे येते. हे कोर्ट खोटं आहे, हे मला कुणी सांगायला नको. खुनाचा खटला आठवड्याभरात उभा राहत नाही. आमच्याकडे तपासी अधिकारी बदलून गेलेला असतो, पंच फितूर होतात, मुद्देमालाची पिशवी नाझरकडून यायला दुपार होते, आणि साक्षीदार हजर असला की नेमके वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात अडकलेले असतात. रोजनाम्यात 'तहकूब' हा शब्द मी किती हजार वेळा टाइप केला असेल कुणास ठाऊक. आणि प्रेक्षकांच्या बाकावरून उठून "होय, मीच मारलं" असं म्हणणारा माणूस चौतीस वर्षांत एकदाही पाहिला नाही.

पण त्या कोर्टात काही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या माझ्यासारखीला लगेच दिसतात. मेसनच्या बहुतेक भागांत ज्युरी, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारे बारा सामान्य नागरिक, नसतातच. कारण तो पुरता खटला नसून प्राथमिक सुनावणी असते: आरोपीवर खटला चालवण्याइतका पुरावा आहे का, एवढंच न्यायाधीशाने बघायचं. निर्मात्यांचा बारा माणसांचा खर्चही त्यात वाचत असणार. आपल्याकडेही जुन्या फौजदारी संहितेत दंडाधिकारी आधी पुरावा बघून मग प्रकरण सत्र न्यायालयाकडे पाठवत. 1973 च्या संहितेने ती चौकशी काढून टाकली. जुने वकील अजून त्या चौकशीच्या, म्हणजे कमिटलच्या, दिवसांबद्दल बोलतात. आणि ज्युरी म्हटलं की बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेला नौदल अधिकारी नानावटी आलाच. 1959 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्याच महिन्यांत तिकडे अमेरिकेत मेसनचा तिसरा हंगाम चालू होता. ही दोन कोर्टं एकाच वेळी भरलेली होती, हे मला फार विलक्षण वाटतं.

तरीही यासाठी मी ते बघत नाही.

माझं काम काय होतं ते सांगते. साहेबांच्या डाव्या हाताला, जरा खालच्या बाजूला माझं टेबल. निकालपत्र इंग्रजीत, ते शॉर्टहँडमध्ये घ्यायचं. साक्ष मात्र मराठीत आणि थेट टाइपरायटरवर. वकील प्रश्न विचारतात, साक्षीदार उत्तर देतो, साहेब त्याचं एक वाक्य करतात आणि मला सांगतात. मी टाइप करते. कागदावर प्रश्न उरत नाही, नुसतं साक्षीदाराचं निवेदन उरतं. 'मी त्या दिवशी शेतात होतो. मला आरडाओरडा ऐकू आला.' आणि उलटतपासात तर एकामागून एक: 'हे म्हणणे खरे नाही की, मी घटनास्थळी हजर नव्हतो. हे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.' ही वाक्यं बोटांना इतकी पाठ झालेली की कान पुढच्या वाक्याला लागलेला असायचा.

आणि डोळे कुठे? डोळे कागदावर. एक अक्षर चुकलं तर तीन कार्बन काढून खोडायचं. नंतर संगणक आला तेव्हा डोळे पडद्यावर. चौतीस वर्षं माणसं माझ्यापासून आठ फुटांवर उभी राहून आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगत होती, आणि मी त्यांचे फक्त आवाज ऐकले. बोलताना अडकलेले, दबलेले, वकिलावर चिडलेले, पाठ केल्यासारखे. चेहरे मी पाहिले नाहीत.

मेसनच्या कोर्टात मी चेहरे बघते.

खुनी कोण हे मला आधीच ठाऊक असतं. 271 भाग मी तीन-तीनदा पाहिलेत. म्हणूनच बघते. पहिल्यांदा बघताना नजर मेसनच्या मागे जाते, तो काय काढणार म्हणून. दुसऱ्यांदा नजर सुटी होते. मग मी खुन्याकडे बघते. तो किंवा ती तिथेच बसलेली असते, बाकावर इतरांसारखीच. दुसऱ्याची साक्ष चालू असते, आपल्या जागी दुसरं कुणीतरी आरोपी म्हणून बसलेलं असतं, आणि ही व्यक्ती शांतपणे ऐकत असते. या मालिकेतले पाहुणे कलाकार छोट्या भूमिकेतही ते ऐकणं मनापासून करतात. कुणी मान जरा जास्तच ताठ ठेवतं. कुणी पर्सच्या कडीशी चाळा करतं. कुणी ज्या क्षणी सगळे आरोपीकडे बघतात नेमकं तेव्हा खाली बघतं. कृष्णधवल चित्रात कपड्यांचे, पडद्यांचे, लिपस्टिकचे रंग मध्ये येत नाहीत. डोळ्यांखालची सावली, कपाळावरचा घाम, ओठाची कड एवढंच उरतं.

रेमंड बर हा मेसन झालेला नट साक्षीदाराच्या जवळ जाऊन उभा राहतो आणि आवाज चढवण्याऐवजी उतरवतो. हाच नट 1954 च्या 'रिअर विंडो'त बायकोचा खून करणारा शेजारी झाला होता. मालिकेसाठी त्याने आधी सरकारी वकिलाच्या भूमिकेची चाचणी दिली होती, मग मेसन त्याच्याकडे आला. त्याची सगळ्यात मोठी ताकद मला वाटते ती थांबण्याची. प्रश्न विचारतो आणि थांबतो. उत्तर यायला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू देतो. आमच्याकडे एवढा वेळ कुठल्या साक्षीदाराला मिळाला? बाहेर पुकारा झालेली अजून चौदा प्रकरणं उभी असायची.

सरकारी वकील बर्गरबद्दल मला फार माया आहे. लोक त्याच्या हरण्यावर हसतात. मला हसू येत नाही. सरकारी वकिलाच्या हातात पोलिसांनी जे आणून दिलं तेवढंच असतं, हे मी रोज पाहिलं आहे. बर्गर वाईट नाही, पुराव्याच्या मागे जातो, आणि खरं बाहेर आलं की तो अडून बसत नाही. विल्यम टॉलमनने ही भूमिका केली. 1960 मध्ये एका खाजगी पार्टीवर पोलिसांनी धाड घातली, त्यात तोही पकडला गेला, आणि वाहिनीने त्याला काढून टाकलं. पुढे कोर्टाने आरोप फेटाळले, मालिकेतले सहकारी त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि त्याच वर्षअखेर तो परत आला. टीव्हीवर दर आठवड्याला निर्दोष माणूस सुटायचा आणि इथे सरकारी वकिलालाच खरोखर त्यातून जावं लागलं. नंतर त्याला फुप्फुसाचा कॅन्सर झाला. मरणापूर्वी त्याने अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी एक छोटी फिल्म केली. सिगारेट ओढणं आणि हरणं या दोन्ही गोष्टी आपण वर्षानुवर्षं केल्या, तेव्हा माझं ऐका, अशा अर्थाचं तो त्यात बोलला. 1968 च्या ऑगस्टमध्ये तो गेला. वय 53. पहिल्या हंगामांत जवळजवळ प्रत्येक खोलीत धूर आहे. आता तो धूर दिसला की माझं लक्ष टॉलमनच्या हाताकडे जातं.

ट्रॅग झालेले रे कॉलिन्स वयस्क होते. 1964 च्या सुरुवातीनंतर आजारपणामुळे ते दिसेनासे झाले, पण शीर्षकात त्यांचं नाव पुढेही बराच काळ ठेवलं होतं. ते नाव येतं तेव्हा मी शीर्षक पुढे ढकलत नाही.

मेसन कधीच हरत नाही असं म्हणतात, तेही पूर्ण खरं नाही. 1963 मधला 'डेडली व्हर्डिक्ट' हा भाग सुरूच होतो ज्युरीच्या निकालाने: आरोपी दोषी. मेसनच्या अशिलाला मृत्युदंड. पुढे तो सत्य शोधतो, पण पहिली काही मिनिटं त्या कोर्टात जी शांतता असते ती मला ओळखीची आहे. शिक्षा वाचून झाल्यावर टाइपरायटरचा आवाज थांबतो तेव्हा तशीच शांतता पडते.

मामांना मी एवढं सगळं सांगितलं. मग त्यांना एका खटल्याची आठवण दिली. नव्वदच्या दशकातला. मुलाचा खून झालेला, आणि आई साक्षीला आलेली. सरतपासातच, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांनाच, तिचा आवाज फुटला. साहेबांनी सांगितलं आणि मी टाइप केलं: 'साक्षीदार रडू लागल्याने पाच मिनिटे थांबलो.' त्या पाच मिनिटांत मी कार्बन बदलला, कागद सरळ केला. वर पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा ती दाराकडे निघाली होती, हिरव्या लुगड्याची पाठ दिसली. तिची साक्ष मला आजही जवळजवळ शब्दशः आठवते, आणि चेहरा नाही.

मामा कपाची कड अंगठ्याने पुसत होते. त्यांनीच तिचा पुकारा केला होता, शपथ देताना तेच समोर उभे होते.

"मी बघितली ना ती म्हातारी," ते म्हणाले. "बाई, ती साक्षभर तुमच्याकडेच बघत होती. साहेबांकडे नाही, वकिलाकडे नाही. तुमच्या हातांकडे. तुमचे हात थांबले की पुढचं सांगायची."