लेझीमच्या दोन क्लिप आणि एक ना-हरकत पत्र

एमएच्या प्रकल्पासाठी मी विषय घेतला होता: समोरचा गट किती ताकदीचा आहे, हे मुलं त्याच्या हालचालीवरून कधी ओळखायला लागतात? सहा ते बारा महिन्यांची बाळंसुद्धा मोठ्या गटातला जिंकेल असं धरून चालतात, हे २०१६ च्या एका अभ्यासात दिसलंय. मोठ्यांना एका तालात चालणारी माणसं जास्त भारी वाटतात, हेही तपासून झालंय. मला मधली वयं बघायची होती.

आठ मुलांचं लेझीम दोनदा टिपलं. एकदा सगळे एका ठोक्यावर, एकदा मुद्दाम मागेपुढे. मुलं तीच, अंतर तेच, आवाज बंद. कॉलेजच्या नैतिकता समितीनेही होकार दिला.

अडलं ते शाळेच्या परवानगीपाशी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शिक्षण विभागाचं पत्र आण, मग कधीही ये." एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी गेले, तर तिथले लिपिक म्हणाले, "आधी शाळेचं ना-हरकत जोडा." परत शाळा. मॅडम म्हणाल्या, वरून पत्र नसताना मी सही कशी करू? पुन्हा कार्यालय, तर साहेब दौऱ्यावर. चौथ्या खेपेला माझा अर्जच सापडेना, कारण मी आवक क्रमांक न घेता घरी आले होते. अर्ज कुणाच्याही हातात देऊन निघू नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.

जुलैत टाकलेल्या अर्जाचं पत्र सप्टेंबरात आलं. मला राग खेपांचा नाही. मुलांना जपण्यासाठी नियम हवेच. पण तू मुलांना नक्की काय विचारणार, त्यांचे व्हिडिओ घेणार का, मूल नको म्हणालं तर काय करणार, हे त्या दोन महिन्यांत एकाही टेबलावर कुणी विचारलं नाही. पालकांचं संमतिपत्रक मी सोप्या मराठीत तीनदा लिहून काढलं होतं. ते कुणी उलटूनही पाहिलं नाही.

सुटलं एका ओळीने. मुख्याध्यापिकांनी शेवटी लिहून दिलं, "शिक्षण विभागाच्या मान्यतेच्या अधीन राहून शाळेची हरकत नाही." हीच ओळ पहिल्या दिवशी मागा.

आणखी एक, पालकांची सही पुरत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकारही घ्यावा लागतो.

प्रत्यक्ष काम दोन दिवसांचं. "कोण छान?" असं विचारू नका, मुलं बाईंना आवडेल ते सांगतात. मी विचारलं, "या दोघांची रस्सीखेच लावली तर कोण जिंकेल?" बालवाडीतल्या एका मुलाने स्क्रीनवर बोट ठेवून दोन्हीकडची डोकी मोजली आणि "सारखेच" म्हणून मोकळा झाला. दुसरीतली एक मुलगी मात्र दोन्ही क्लिप संपेपर्यंत गप्प होती. मग एका ठोक्यावरच्या गटाकडे बोट करून म्हणाली, "यांचं ठरलंय. त्यांचं अजून ठरायचंय."

हे ऐकायला मी दोन महिने थांबले होते.

आणि हो, डावी-उजवी बाजू प्रत्येक मुलागणिक बदला, काही मुलं एकाच बाजूला बोट दाखवत राहतात. अर्ज जूनमध्येच टाका. सहामाही जवळ आली की शाळेत वर्गखोली मिळत नाही, मला शेवटी पोषण आहाराच्या खोलीत बसावं लागलं.